खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावरान कोंबडीखाली १५ अंडी ठेवली, पिल्लं निघाली सहाच. बाकीच्यांतली काही नासली, काही फोडून पाहिली तर आत नुसतं पातळ. कोंबडी तर टोपली सोडत नव्हती. मग चुकलं कुठे? (लांजा)

उत्तर : कोंबडीचा यात दोष दिसत नाही. उबवणी बिघडते ती बहुतेक वेळा अंडी टोपलीत ठेवायच्या आधीच.

मध्यम अंगाच्या गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी नीट झाकली जातात. त्याहून जास्त झाली की कडेची उघडी पडतात. कोंबडी दिवसभरात अनेकदा चोचीनं अंडी फिरवते, आतलं कडेला आणि कडेचं आत सारते. त्यामुळे गारठा दोन-तीन अंड्यांवर न थांबता आळीपाळीनं सगळ्यांना लागतो.

अंडी सात दिवसांच्या आतली हवीत आणि सगळी एकाच दिवशी खाली ठेवायची. रोज एकेक वाढवत गेलात तर पहिली पिल्लं निघताच कोंबडी त्यांच्यामागे उठते आणि उरलेली अर्धवट राहतात. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालत असतील तर आपल्या अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करा, म्हणजे नवी रोज काढून घेता येतील. फार लांबट, अगदी गोल, खडबडीत किंवा तडा गेलेली अंडी निवडू नका. मळकं अंडंही नको, पण धुवायला जाऊ नका. कवचावरचा नैसर्गिक पातळ थर धुतला की जंतू आत शिरतात, आणि नासकं अंडं टोपलीत फुटलं तर शेजारची अंडीही जातात.

‘नुसतं पातळ’ निघालेली अंडी बहुधा फळलेलीच नव्हती. ८ ते १० कोंबड्यांमागे एक तरणा, चपळ कोंबडा लागतो. कोंबडा नवा आणला असेल तर आठवडाभरानंतरची अंडी धरा.

सातव्या रात्री प्रत्येक अंडं मुठीत धरून रुंद टोकाला टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. स्वच्छ पिवळसर उजेड आरपार आला तर ते अंडं भाकड. आत रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. ही दोन्ही प्रकारची अंडी लगेच काढा.

प्रश्न : उन्हाळ्यात ठेवलेली अंडी हमखास वाया जातात. वैशाखात बसवूच नये का? (जालना)

उत्तर : टाळता आलं तर टाळा. गर्भाची वाढ थांबून राहायला थंडावा लागतो. चाळिशीच्या उन्हात घरातल्या फडताळातही ती अर्धवट सुरू होते आणि पुढे अडते. म्हणजे कोंबडीखाली जाण्याआधीच अंडं बाद झालेलं असतं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊच नका. ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात, टोकदार बाजू खाली करून, ती ठेवा. टोपलीच्या तळाशी दोन बोटं जाडीचा ओलसर मातीचा थर द्या आणि वर पेंढा घाला. टोपली पत्र्याखाली नको.

प्रश्न : कोंबडी रोजच्या अंडी घालायच्या जागीच खुडूक बसली आहे. तिला हलवता येईल का? (कर्जत)

उत्तर : येईल, पण रात्री. कोपऱ्यात, अंधाऱ्या आणि मांजर-मुंगूस पोचणार नाही अशा जागी टोपली मांडा, त्यात दोन-तीन टाकाऊ अंडी ठेवा आणि तिला अलगद वर बसवा. दोन रात्री टिकून बसली तरच चांगली अंडी खाली सरकवा.

बसलेली कोंबडी मध्येच रात्री उठून गेली तर आधी बारीक लाल गोचिड्या (रेड माइट) शोधा. दिवसा त्या टोपलीच्या विणीत लपतात आणि रात्री रक्त पितात. पेंढा जाळून टाका, टोपली कडक उन्हात वाळवा आणि खुराड्याला चुना मारा.

रोज १५-२० मिनिटं तिनं उठायलाच हवं. ज्वारी किंवा मक्याचे अख्खे दाणे आणि पाणी टोपलीपासून दोन-तीन हातांवर ठेवा, जवळच राखमातीत लोळायला जागा द्या. उठत नसेल तर उचला, पण पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, हे आधी चाचपून पाहा.

प्रश्न : विजा कडाडल्या की अंडी खराब होतात म्हणून आजी टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवते. उपयोग होतो का? (भोर)

उत्तर : विजेसाठी नाही. पावसाळ्यात अंडी जातात ती ओलीनं आणि गळक्या छपराखालून कोंबडी उठून गेल्यानं. कोळसा राहू द्या, पण छप्पर आधी पाहा.

प्रश्न : २१ वा दिवस आहे. एका अंड्याला सकाळी टोचा (पिल्लानं आतून पाडलेलं भोक) पडला, अजून पिल्लू बाहेर नाही. कवच सोलू का? (कणकवली)

उत्तर : सोलू नका. टोचा पडल्यापासून बाहेर यायला २४ तासही लागतात. तेवढ्या वेळात पिल्लू पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाखालच्या पडद्यातलं रक्त आटतं. घाईनं सोललं तर रक्तस्राव होऊन ते मरतं. शेवटचे तीन दिवस कोंबडीला उचलू नका, अंडीही हाताळू नका. मागे राहिलेल्या अंड्यांची २३ व्या दिवसापर्यंत वाट पाहा.

पोटातला बलक पिल्लांना दिवसभर सहज पुरतो, त्यामुळे दाण्याची घाई नको. नंतर उथळ ताटलीत पाणी द्या आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. सोबत तांदळाची बारीक कणी किंवा चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या. नुसत्या कणीवर वाढ खुंटते, म्हणून शक्य असेल तिथे स्टार्टरच.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगासाठी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात टाका. लस बर्फात आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. लहान कुपीतही शंभरच्या आसपास मात्रा असतात, तेव्हा शेजारच्या दोन-चार घरांची पिल्लं एकाच सकाळी उरकलेली बरी.