वाचक विचारतात: चर्चचा वाढदिवस कोणता धरायचा?

प्रश्न : सर, नमस्कार. मी चोंढीचा. कामासाठी रोज मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरतो आणि चालत फोर्टात जातो. वाटेत हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस चर्च लागतं. २०१८ साली त्याला ३०० वर्षं झाली, म्हणजे जन्म १७१८चा. पण ऑफिसातले एकजण म्हणतात, बांधकाम १६७६चं. खरं साल कोणतं? आणि चर्चगेट स्टेशन तर तिथून बरंच लांब, मग चर्चगेट नाव कसं पडलं?

उत्तर : तुमच्या ऑफिसातले गृहस्थ चूक नाहीत, पण वाढदिवस १७१८चाच.

मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ साली या चर्चचं काम काढलं. तो १६७७ साली सुरतेला वारला आणि काम अडलं ते जवळजवळ ४० वर्षं. भिंती साधारण १५ फुटांवर येऊन थांबलेल्या, वर छप्पर नाही. आपल्याकडे गावोगाव अशी अर्धी राहिलेली सभागृहं असतात, तसंच. पुढे रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्याने लोकांच्या मागे लागून वर्गणी काढली, १७१५ साली काम पुन्हा सुरू केलं आणि २५ डिसेंबर १७१८ला, नाताळच्या दिवशी, दार उघडलं. आता पायाभरणी धरायची की कलशारोहण? मी तरी ज्या दिवशी आत दिवा लागला तो दिवस धरतो. ज्यांना आणखी एक तारीख हवी असेल त्यांच्यासाठी १८३७ आहे. त्या वर्षी मुंबईला पहिला बिशप मिळाला आणि साधं चर्च होतं त्याचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं.

इथे थांबलो असतो, पण मी अलिबागकर. १७१८ म्हटलं की माझी नजर थळच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याकडे जाते. तो नाताळ ज्या गव्हर्नरच्या कारकिर्दीत साजरा झाला, त्या चार्ल्स बूनने त्याच सुमारास कान्होजी आंग्र्यांवर दोनदा आरमार धाडलं होतं. आधी १७१७ साली विजयदुर्गावर, मग १७१८च्या नोव्हेंबरात खांदेरीवर. दोन्हीकडून हात हलवत परत. म्हणजे चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा खांदेरीचा मार खाऊन जेमतेम महिना-दीड महिना झालेला. त्या प्रार्थनेत आंग्र्यांचा उद्धार झाला असेल का, असा चावट विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

त्या दिवशी चर्चबाहेर आणखी एक मंडळी उभी होती. रामा कामती हा मुंबईतला बडा शेणवी व्यापारी आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन आला होता. उपासनेतली शिस्त त्यांना इतकी आवडली की शेवटपर्यंत ते बाहेर उभे राहून ऐकत होते, असं कॉबनेच लिहून ठेवलंय. वाळकेश्वराचं देऊळ १७१५ साली पुन्हा बांधलं ते याच रामा कामतीने. ईस्ट इंडिया कंपनीचा भरवशाचा माणूस. आणि त्या नाताळानंतर दोनच वर्षांनी, १७२० साली, त्याच्यावर खटला झाला. आरोप काय, तर आंग्र्यांशी आतून संधान! पुराव्याला पत्रं होती, आणि एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी चाप आवळून वदवून घेतलेला जबाब. मालमत्ता जप्त झाली, रामा कामती तुरुंगात गेला. ती पत्रं बनावट होती हे पुढे उघड झालं, पण तोवर फार उशीर झाला होता. खांदेरीला मिळालेला मार कुणाच्या तरी माथी मारायचा होता, असं माझं मत. शाळेत शिकवायचो तेव्हा हा प्रसंग पुस्तकात नसूनही सांगायचो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची.

चर्चगेटचं थोडक्यात. मुंबईच्या किल्ल्याला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. या चर्चकडे जाणारा तो चर्चगेट, आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र राहिलं आणि पुढे स्टेशनाला चिकटलं.

जाता जाता एक. शहराची अंतरं पूर्वी याच चर्चपासून मोजत. रोमन आकडे कोरलेले ते मैलाचे दगड मुंबईत अजून काही ठिकाणी आहेत, बरेचसे फुटपाथमध्ये गाडले गेले होते. दादर-परळच्या बाजूला कधी गेलात तर नजर खाली ठेवा. एखादा दिसला तर फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, माझ्याकडे अजून दोनच फोटो आहेत.