‘आधी तुझा बाप्तिस्मा, मग बाळाचा’

‘मावशी, माझं माहेर भायखळ्याचं, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधलं, प्रोटेस्टंट. सासर मरोळचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलेच मूळचे कॅथलिक. लग्न त्यांच्याच चर्चमध्ये लागलं. पुढच्या महिन्यात बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि सासूबाई म्हणतात, “आधी तुझा करून घेऊ, तुमचा तो खरा नव्हे.” परवा तर म्हणाल्या, कॅथलिक चर्चबाहेर तारण नाही, आत्म्याचा उद्धार नाही. माझे पप्पा गेल्या पावसाळ्यात गेले, त्यामुळे ते फार लागलं. नवरा म्हणतो, मम्मीचं मन राखायला डोक्यावर थोडं पाणी घेतलंस तर काय बिघडलं?’
– मरोळची सून

पोरी, बिघडतं. तेही त्यांच्याच चर्चच्या नियमाने. बाप्तिस्मा जन्मात एकदाच. पाणी वापरलं, ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ म्हटलं आणि चर्च जे करतं तेच करायचा हेतू होता, तर देणारा पाळक प्रोटेस्टंट असला तरी तो बाप्तिस्मा खरा. हे कॅथलिक चर्चच्याच ट्रेंटच्या परिषदेने १५४७मध्ये सांगितलं, म्हणजे प्रोटेस्टंटांशी भांडण अगदी पेटलेलं असताना! तू उद्या स्वखुशीने कॅथलिक व्हायचं ठरवलंस, तरी विश्वास प्रकट करणं, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), एवढंच. पाणी पुन्हा नाही.

पुरावा तर तुमच्या घरातच आहे. लग्नाआधी पॅरिशच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या ऑफिसात तू बाप्तिस्म्याचा दाखला दिला असशील. कॅथलिकाचं लग्न बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंटाशी असेल तर बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्माच झाला नसेल तर वेगळी सूट घ्यावी लागते. तुमच्या कागदावर यातलं काय लिहिलंय, ते नवऱ्याला बघायला सांग.

आता ‘चर्चबाहेर तारण नाही’. हे शब्द तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियन यांचे. गंमत बघ, पाखंडी मंडळींनी दिलेला बाप्तिस्मा खोटा, तो पुन्हा द्यावा, असंही त्यांचंच म्हणणं होतं. रोमचे पोप स्टीफन ‘नाही’ म्हणाले आणि पुढे रोमचंच मत टिकलं. वाक्य मात्र राहिलं. अमेरिकेत लिओनार्ड फीनी नावाचे एक फादर ते अक्षरशः धरून बसले, तेव्हा १९४९मध्ये रोमने पत्र पाठवून खरा अर्थ समजावला. तरी ऐकेनात, रोमला बोलावलं तर जाईनात. १९५३मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं.

पप्पांबद्दल विचारतेस, तर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये लिहून ठेवलंय की वेगळ्या झालेल्या चर्चेसचाही ख्रिस्ताचा आत्मा तारणाचं साधन म्हणून वापर करतो. त्या चर्चमध्ये जे जन्मले, वाढले, त्यांच्यावर फुटीच्या पापाचा ठपका ठेवता येत नाही. तारणाच्या साधनांची पूर्णता आपल्याकडेच आहे, हे कॅथलिक चर्च आजही म्हणतं. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुझे पप्पा बुडाले, असं ते म्हणत नाही.

त्याच परिषदेच्या त्याच वर्षीच्या आणखी एका दस्तऐवजात आणखी एक वाक्य आहे: जो कॅथलिक प्रीतीत टिकत नाही, केवळ देहाने चर्चमध्ये राहतो, त्याचंही तारण होत नाही. हे सासूबाईंना ऐकवायचा मोह होईल. ऐकवू नकोस. (मला झाला असता.)

दोन गोष्टी मात्र तुला जड जातील. मिस्साला (कॅथलिक उपासनेला) त्यांच्यासोबत बसलीस तरी ख्रिस्तशरीर एरवी घेता येणार नाही. आणि मुलाला कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देण्यासाठी होईल तेवढं करीन, असं वचन तुझ्या नवऱ्याने लग्नाआधी दिलेलं असतं. तुला ते सांगितलेलं असतं, तुझ्याकडून घेतलेलं नसतं. तेव्हा बाळाच्या बाप्तिस्म्याला अडून बसू नकोस. तुझं भांडण त्याच्याशी नाही.

सासूबाईंशी बोलायचं काम नवऱ्याचं. तो त्यांना घेऊन फादरांकडे जाऊ दे. तू बरोबर जाऊ नकोस. सुनेसमोर चुकीचं ठरणं त्यांना जन्मभर खुपेल.

परत येताना त्याने ऑफिसात पप्पांच्या नावाने एक मिस्सा सांगावा. कॅथलिक नसलेल्या मृतांसाठीही तो अर्पण करता येतो. मृतांसाठी प्रार्थना तुझ्या पप्पांना पटली असती का, ते तूच जाणे. पण मिस्सात त्यांचं नाव घेतलं जाईल, तेव्हा सासूबाई तिथे बसलेल्या असतील.