ओळखीचा भाडेकरू, अनोळखी माणसांची भीती

‘वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे, पण माणूस पारखायचा कसा?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारे ज्येष्ठ नागरिक वारंवार विचारतात. इंदूरच्या सुदामानगरात एकट्या राहणाऱ्या एका काकूंचा अनुभव, त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगत आहे.

काकूंनी वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. आडनाव, मूळ गाव, लग्न झाले आहे का, मांसाहार करता का, असे आठ प्रश्न त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. भाडे कशातून भरणार, हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. आधीचे ‘किरायेदार’ पाच महिन्यांचे भाडे बुडवून गेले होते. ते कोण होते, असे विचारल्यावर काकू जरा थांबल्या. ‘नणंदेच्या ओळखीचे होते हो. करारनामा मागायची भीड वाटली.’ मला गाठ येथेच दिसली. फसवले होते ओळखीच्यांनी आणि धास्ती बसली होती ती अनोळखी माणसांची.

आम्ही ते पान नव्याने लिहिले. तृतीयपंथी व्यक्तीला त्या कारणाने घर नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने, तर एचआयव्हीबाधितांशी घराबाबत भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. जात आणि धर्म पाहून दार लावणे तर मला अन्यायाचेच वाटते, आणि आडनावावरून भाड्याची तारीख पाळली जाईल की नाही हे कळतही नाही. म्हणून उत्पन्नाचे साधन, राहणाऱ्यांची संख्या, मुदत आणि, उमेदवाराच्या संमतीने, पूर्वीच्या घरमालकाचा फोन एवढेच प्रश्न ठेवले. फोन शक्यतो सध्याच्या नव्हे, त्याआधीच्या मालकाला करावा, कारण नकोसा भाडेकरू लवकर जावा म्हणून सध्याचा मालक त्याची तारीफही करू शकतो. ओळखपत्र म्हणून शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार घेऊन त्यावरील क्यूआर कोड तपासावा. मूळ कागद ठेवून घेऊ नयेत.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश इंदुरात निघत असतात आणि ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. ही माहिती राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही भरता येते, मात्र त्यामुळे भाडे वेळेवर मिळण्याची हमी मिळत नाही. करारनामा हवाच. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ११ महिन्यांचा करार रूढ झाला आहे.

कागदपत्रांचे काकूंना लगेच समजले. वेळ गेला तो भीड मोडण्यात. ‘सगळ्यांना विचारते, तेच तुम्हालाही विचारते’ हे वाक्य आम्ही तीनदा म्हणून पाहिले. पहिल्या खेपेस ‘करारनामा’ या शब्दाशी त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

पुढच्या महिन्यात भाचीच्या सासरचे कोणी घर पाहायला आले. काकूंनी चहा ठेवण्याआधी त्यांच्यापुढे ते पान ठेवले.