आधी मच्छीमार सोसायटीत जा, मग कंपनीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रायोजकांसाठी लिहिलेला तुझा प्रस्ताव सगळा वाचला. रायगडातल्या रेवसहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत जायचं, वाटेतल्या कोळीवाड्यांत मुक्काम, तिथल्या पोरांबरोबर खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गळ टाकून गरवायचं, म्हाताऱ्यांकडून रापणीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, गोष्टी ऐकायच्या. वाचताना मलाही गाडीत बसावंसं वाटलं. पण प्रायोजक असतो तर पैसे दिले नसते. तुम्ही काय काय करणार ते भरपूर लिहिलंयस; तुम्ही पुढच्या गावाला निघालात की मागच्या गावाच्या पदरात काय पडणार, त्याबद्दल अवाक्षर नाही.

रापणीत दोर ओढायला जो उभा राहतो त्याचा वाटा ठरलेला असतो. तोच हिशेब तुझ्या बजेटमध्ये दिसू दे. जेवण गावातल्या बायकांकडून विकत घ्यायचं, भरती-ओहोटी आणि खडपाच्या जागा सांगणाऱ्या पोराला रोजची मजुरी द्यायची, मुक्कामाचे पैसे घरमालकाच्या हातात. या रकमा 'इतर खर्च' मध्ये ढकलू नकोस, वर लिही. प्रायोजकाला दाखवण्यासारखं तेच आहे. ड्रोनचे व्हिडिओ आता सगळेच काढतात.

दुसरं, एकच मजकूर साठ कंपन्यांना पाठवायचा बेत रद्द कर. कंपनीत जाहिरातीचा पैसा वेगळा आणि सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, वेगळा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, म्हणून जो तो तिकडे धावतो. पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमातच आहे. तू एकाच पानावर गाड्यांवर लोगो लावायचं कबूल केलंयस आणि सीएसआर निधीही मागितलायस! शिवाय तो पैसा घ्यायला नोंदणीकृत संस्था लागते, सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी मान्यता लागते. तुमचा अजून व्हॉट्सॲप ग्रुपच आहे. यंदा जाहिरातवाल्यांकडेच जा, आणि रोख मागण्याआधी वस्तू माग. गळ, रीळ, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) विकणारा दुकानदार चेक फाडणार नाही, पण पोरांसाठी गऱ्यांचा संच खुशीने देईल. लाइफ जॅकेटं अशीच मिळव. ती नसतील तर खडपावर कुणाला उतरवू नकोस, माझं नाव तर अजिबात सांगू नकोस.

तारीखही बदल. तू जून लिहिलायस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. काठावरून गळ टाकायला ती बंदी आड येत नसेलही, पण ज्यांचं दोन महिने उत्पन्न थांबलंय त्यांच्या दारात तुम्ही हौसेने मासे धरताय, हा फोटो कुठल्या कंपनीला हवाय? आणि पावसाळ्यात खडपावर लाट कुणाला विचारून येत नाही. दिवाळीनंतर जा.

आता जरा नाजूक गोष्ट. पैसा कुणाचा, हे गाव विचारतं. वाढवण बंदराला डहाणू-पालघरच्या मच्छीमारांचा किती विरोध आहे ते तुला ठाऊक आहे. यांत्रिक नौकांवरून मोठी पर्ससीन जाळी टाकणारे आणि पारंपरिक रापणकर यांच्यातला वाद तर मालवणात कुठल्याही हॉटेलात ऐकायला मिळेल. चुकीचा लोगो गाडीवर असला तर गावात चहासुद्धा मिळणार नाही, मग प्रायोजकाची रक्कम कितीही मोठी असो. म्हणून कंपनीकडे जाण्याआधी प्रत्येक मुक्कामाच्या गावातल्या मच्छीमार सहकारी सोसायटीत जा, अध्यक्षांना भेट, त्यांना कोण चालेल, कोण नाही ते विचार, आणि 'यांना आमची संमती आहे' अशी दोन ओळींची चिठ्ठी घे. शिक्क्यासकट. मार्केटिंगच्या माणसावर तुझ्या वीस स्लाइड्सपेक्षा त्या चिठ्ठीचा परिणाम जास्त होईल.

नवं बजेट रविवारपर्यंत पाठव. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड फेरीबोटीचं गाड्यांचं भाडं धरायचं राहिलंय.

तुझा,
दादा