फिर्याद कधी दाखल झाली ते आधी बघ

प्रिय वकीलसाहेब,

(सनद मिळायला अजून अवकाश आहे, पण सवय झालेली बरी.)

पाकिस्तानातल्या ईशनिंदा कायद्यावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे आणि राग खोटा वाटत नाही. पण पहिली तीन पानं तू धर्म या विषयावर खर्ची घातलीस आणि कलम उघडलंस ते चौथ्या पानावर, तेही घाईघाईत. आपल्या धंद्यात उलट्या क्रमाने चालतात. आधी कलम, मग फिर्याद, मग साक्षी. भाष्य उरलंसुरलं तर.

कलमाची वंशावळ नीट लाव. पैगंबरांवरच्या एका वादग्रस्त पुस्तिकेचे लाहोरमधले प्रकाशक राजपाल यांना १९२७ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सोडलं, कारण त्या कृत्याला लागू होईल असं कलमच १८६०च्या दंडसंहितेत नव्हतं. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५-अ घुसवलं. दोन वर्षांनी राजपाल यांचा खून झाला, तो झालाच. हेच २९५-अ आज आपल्या भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदतं आहे, तेव्हा ‘आपल्याकडे असलं काही नाही’ हे तुझं वाक्य छाटून टाक. फरक दाखवायचा तर तो हेतूचा दाखव. आपल्या कलमात जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेलं कृत्य लागतं आणि कमाल शिक्षा तीन वर्षांची. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीत १९८० ते १९८६ या काळात पाच नवी कलमं आली. त्यातलं शेवटचं, २९५-सी, पैगंबरांच्या अवमानाबद्दलचं. बोललेलं, लिहिलेलं, सूचित केलेलं, थेट वा आडून, सगळं त्यात बसतं. हेतूचा मात्र उल्लेखच नाही. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप होती. १९९० मध्ये फेडरल शरियत कोर्टाने (कायदे इस्लामला धरून आहेत का, हे तपासणारं तिथलं कोर्ट) जन्मठेपेचा पर्यायही काढून घेतला.

आता आसिया बीबीचं प्रकरण. तू त्यावर दोन ओळी लिहिल्यास. दोन पानं लिही. जून २००९, पंजाबातलं इत्तनवाली गाव, फालसे तोडणाऱ्या बायका. आसिया ख्रिश्चन. ख्रिश्चन बाईने आणलेलं पाणी आम्ही पिणार नाही, यावरून बाचाबाची, आणि त्यात तिने पैगंबरांचा अवमान केल्याचा आरोप. प्रसंग १४ जूनचा, फिर्याद १९ जूनची. फिर्यादी गावचे कारी (कुराणपठण करणारे, शिकवणारे), प्रसंगाच्या वेळी शेतात नसलेला माणूस. तिने लोकांसमोर कबुली दिली म्हणतात, पण ते लोक किती होते? एका साक्षीत शंभर, दुसरीत दोन हजार. असली साक्ष आपल्याकडे चोरीच्या खटल्यातही टिकत नाही. तिथे नोव्हेंबर २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि सुप्रीम कोर्टाने तिला सोडलं ते ३१ ऑक्टोबर २०१८ला.

खालच्या कोर्टांना पाच दिवसांचा हा उशीर दिसला नसेल? माझ्या मते दिसला असणार. तू मात्र त्या खुर्चीत बसून बघ. लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांनी १९९५ मध्ये सलामत मसीह या पोराला अशाच आरोपातून सोडलं, आणि १९९७ मध्ये त्यांचा खून झाला. मुलतानचे वकील राशिद रहमान हे ईशनिंदेचा आरोप झालेले प्राध्यापक जुनैद हफीझ यांचा खटला लढत होते. ‘पुढच्या तारखेला तू नसशील’ ही धमकी त्यांना भर कोर्टात मिळाली आणि मे २०१४ मध्ये त्यांच्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. आसियाची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्या अंगरक्षकाने मारलं. त्या मारेकऱ्याला कोर्टात आणलं तेव्हा त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळणारे काळ्या कोटातलेच होते. आणि त्याच्याविरुद्ध सरकारतर्फे उभे राहिलेले सैफ-उल-मलूक पुढे आसियाचे वकील झाले. हा माणूस तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं.

म्हणून तुझा फाशीचा परिच्छेद दुरुस्त कर. या कलमाखाली सरकारने आजवर एकालाही फासावर चढवलेलं नाही. माणसं मरतात ती आरोप झाल्यावर, कोर्टाच्या आत-बाहेर, जमावाच्या हातून. मर्दानचा विद्यार्थी मशाल खान २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच मारला गेला, आणि तो मुसलमान होता. शिक्षा कमी करा म्हणून भागत नाही ते यामुळेच. सगळा घोळ फिर्याद कोण आणि किती सहज करू शकतो, यात आहे. २००४ मध्ये २९५-सीचा तपास पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, काम चांगलं होतं, पण दबाव अधीक्षकावरही येतोच. जुलै २०२५ मध्ये इस्लामाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी अशा आरोपांमागच्या कथित टोळ्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमायला सांगितलं. काही दिवसांतच खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. हे दोन्ही आदेश मिळवून वाच.

आणि तिथला वाद ‘मौलवी विरुद्ध सुधारक’ असा रंगवू नकोस. जावेद अहमद घामिदी हे स्वतः इस्लामचे अभ्यासक, कुराणात या शिक्षेला आधार नाही असं म्हणतात. त्यांना २०१० मध्ये देश सोडावा लागला. बिगरमुस्लिमाला या कारणासाठी मृत्युदंड बंधनकारक नाही, हे मत खुद्द हनफी या इस्लामी न्यायपरंपरेतलं आहे आणि पाकिस्तानात बहुसंख्य सुन्नी हनफीच. खासदार शेरी रहमान यांनी २०१० मध्ये या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्याच पक्षाने हात झटकले. टाळ्यांसाठी लिहायचं तर या माणसांची गरज पडत नाही. तुला कायद्यावर लिहायचं असेल तर पहिल्या तीन पानांच्या जागी हीच माणसं बसव.

शेवटची सूचना. आरोपातले मूळ शब्द शोधायच्या नादी लागू नकोस. पुष्कळ खटल्यांत साक्षीदार ते उच्चारायला नकार देतात, कारण उच्चार हाही अवमानच. मग कोर्टापुढे पुरावा काय उरतो, या एका प्रश्नावर नवीन मसुद्याची सुरुवात कर आणि पुढच्या रविवारच्या आत पाठव. सोमवारी माझं अपील आहे.

तुझा,
काका