आमच्या रग्बी लीग संघाचे आक्रमण थंडावले आहे. हाफची जोडी बदलावी का?

सलग सहा पराभवांनंतर सहा आणि सात क्रमांकांवर, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या दोन हाफच्या जागी, कोणाला खेळवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आहेत त्याच दोघांना पुढचे आठ सामने एकत्र खेळवावे आणि तोपर्यंत हुकरकडे (टॅकलनंतर जमिनीवरचा चेंडू पास करणाऱ्याकडे) व फॉरवर्डकडे (चेंडू घेऊन समोर धडकणाऱ्या दणकट खेळाडूंकडे) लक्ष द्यावे.

दोन वर्षांपूर्वी पश्चिम सिडनीतील एका क्लबच्या १४ वर्षांखालील संघासाठी मी पाण्याच्या बाटल्या वाहत असे. संघ पहिले पाचही सामने हरला आणि तेवढ्यात प्रशिक्षकांनी हाफच्या चार जोड्या करून पाहिल्या. मी सांगलीत कबड्डी खेळून वाढलो. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू यांचा मेळ एका शनिवारात बसत नाही, हे मला रग्बी लीगचे नियम कळण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. म्हणून सहाव्या सामन्याला मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक सेट कोठे संपला ते टिपून ठेवले (सेट म्हणजे सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा अडवले जाईपर्यंतची, चेंडूची पाळी; सहाव्याला चेंडू जातो, म्हणून बहुधा पाचव्यानंतर किक मारतात). २६ सेटपैकी ११ सेटमध्ये पाचव्या टॅकलपूर्वीच चेंडू हातून गेला होता, तोही बहुतेक वेळा फॉरवर्डच्या; उरलेल्या १५ पैकी ९ वेळा किक मैदानाच्या आमच्याच अर्ध्या भागातून मारावी लागली होती. टॅकल झालेला मुलगा उठून चेंडू पायामागे सरकवेपर्यंत समोरची बचावफळी मागे जाऊन, रांग लावून, पुन्हा चालून येण्यास सज्ज झालेली असे, आणि आमचा हुकर चेंडू जमिनीवरून थेट पास करण्याऐवजी उचलून दोन पावले चालत असे. अशा चेंडूवर ऑस्ट्रेलियाचा नामांकित हाफ जोनाथन थर्स्टन यानेही हात टेकले असते.

वही पाहून प्रशिक्षक म्हणाले की आकडे ठीक आहेत, पण सात क्रमांकाचा मुलगा संघाला हाकत नाही. मग त्यांनी एक हाफ डावीकडे आणि दुसरा उजवीकडे कायमचा बांधून टाकला. ही मांडणी मला मुळीच पटत नाही. चेंडू कोणत्या बाजूला वळला एवढे दिसले की आता कोण खेळणार हे बचावाला आधीच समजते. त्यापेक्षा सात क्रमांकाने दोन्ही बाजूंना फिरावे, सहा क्रमांकाने एका बाजूला राहून धावण्याचा धोका निर्माण करावा, आणि सर्वांत मागे उभ्या असणाऱ्या फुलबॅकने त्यांच्या पाठीमागून वळसा घेत यावे. पाचव्या टॅकलला किक कोठून मारायची, हे तिसऱ्या टॅकललाच ठरलेले असावे.

मी ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेतील वेस्ट्स टायगर्स क्लबचा पाठीराखा आहे, त्यामुळे पराभवाबद्दल मला कोणी शिकवू नये. २००५ मध्ये स्कॉट प्रिन्स आणि बेन्जी मार्शल या जोडीने आम्हाला विजेतेपद मिळवून दिले; २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे आम्ही तळाला राहिलो. त्याच काळात पेनरिथ क्लबने २०२१ ते २०२४ अशी चार विजेतेपदे जिंकली, ती स्वतःच्याच कनिष्ठ संघांतून वर आलेल्या नेथन क्लिअरी आणि जरोम लुआई यांना हाताशी धरून. २०२५ मध्ये लुआई आमच्याकडे आला, तर त्याचा जोडीदार लॅचलन गॅल्विन हंगामाच्या मध्यातच बुलडॉग्स क्लबकडे निघून गेला. जोडी रुजण्याआधीच उपटली जाणे आम्हाला नवीन नाही.

अर्थात, पेनरिथचे फॉरवर्ड ज्या वेगाने चेंडू खेळत्यात आणत, तो वेग नसता तर हीच जोडी किती चमकली असती, याविषयी मला शंका आहे. आपल्या हाफपैकी एखादा टॅकलच करत नसेल, तर माझा आठ सामन्यांचा सल्ला बाजूला ठेवावा. आणि हे आधीच सांगायला हवे होते: आमच्या संघातील तो सात क्रमांकाचा मुलगा माझाच होता. प्रशिक्षकांनी ते सर्वांसमोर बोलून दाखवले, आणि त्या दिवसापासून वहीतले आकडे बापाचे ठरले.

नवव्या सामन्यापासून मात्र त्यांनी दोन्ही हाफ न बदलता ठेवले, हुकरला वेगळा सराव दिला, आणि शेवटच्या सहापैकी तीन सामने आम्ही जिंकलो. मुलांची दमछाक कमी झाली म्हणून हे घडले, असे त्यांचे आजही म्हणणे आहे. वही मात्र त्यांनी ‘जरा पाहून देतो’ म्हणून नेली आहे, ती अद्याप परत आलेली नाही.