नाशिकहून एका दिवसात मुलांना खाडीवर गळ टाकायला नेता येईल का? आमिष इथूनच न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, घरात कुणी कधी गळ धरलेला नाही, आणि एखादा रविवार बघून खाडीवर जायचा विचार आहे. नेता येईल. आम्ही गेल्या चार वर्षांत तीनदा जाऊन आलोय. फक्त रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा.

हे शहाणपण पहिल्या खेपेला आलं. मुलांची परीक्षा संपली, लागून रविवार आला, नेमकी पौर्णिमा होती. आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. आमिष शोधायला चिखलच उघडा नाही. जेवून येईपर्यंत पाणी जे ओढ घेऊन निघालं, त्यात गळ टिकेना, दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं दोन वेळा बदललं. आणि पाच वाजता समोर नुसता रेंदा, चिखलच चिखल. तीनशे किलोमीटरची जा-ये, आणि हाती एक फाटकी चप्पल.

माझ्या ताईचं सासर वैतरणेच्या मुखाशी, पालघर जिल्ह्यात आहे. तिचे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्या दिवशी ओट्यावर बसून हसत होते. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, पावणेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, त्यावरून हा आडाखा बसलाय. तो मुंबई-पालघरच्या किनाऱ्याचा आहे, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पण दिवस निवडायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

नाशिककराला पंचमी सगळ्यात सोयीची. पहाटे पाचला निघा, नऊ-साडेनवाला पोचा, ओहोटीला आमिष गोळा करा, दहानंतर पाणी चढायला लागतं, बारापर्यंत ते बरंच वर आलं की गळ टाका, चारला आवरा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तितक्याच वेगानं येतं. पंचमीला ते जरा माणसात असतं. चतुर्थीही चालली असती, पण वद्य चतुर्थीला आमच्या आईची संकष्टी. त्या दिवशी घरात मासा आणला तर चंद्रोदयाआधी मलाच घराबाहेर उभं राहावं लागेल.

आता कुठे जायचं. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघून पूर्वेला १४६५ किलोमीटर जाते, तिची खाडी आंध्रात. पण वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेला वळून दीडशेएक किलोमीटरांत समुद्राला मिळते. दक्षिणेला अर्नाळा, उत्तरेला दातिवरे, मध्ये तिचं मुख. मी मुलांना सांगतो, ही आपल्याच डोंगराची खाडी आहे. रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, मग महामार्गानं वरई फाटा आणि तिथून सफाळ्याकडे. वळणांचा घाट आहे, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. १ जून ते ३१ जुलैची सरकारी मासेमारीबंदी यांत्रिक बोटींना असते, काठावरच्या गळाला नाही. तरी पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नका. गढूळ पाणी आणि निसरडा काठ, त्यात काही मजा नाही.

आमिष. इथून काहीही नेऊ नका. खरं सांगायचं तर आमच्या पोरांना मासेमारीपेक्षा आमिषच आवडतं. गळ टाकून तासभर बसायला त्यांना कंटाळा येतो, चिखलात दोन तास कसे गेले ते कळत नाही.

तात्यांची पद्धत साधी आहे. ओहोटीला चिखलात जागोजाग घोट्याएवढ्या पाण्याची डबकी राहतात. एक जुनी सुती साडी घ्यायची, दुमडून दोघांनी दोन टोकं धरायची, खालची कड तळाला घासत डबक्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओढत न्यायची आणि एकदम उचलायची. पहिल्या उचलण्यात आमच्या साडीत बोटभर कोळंबी आठ-दहा, काचेसारखी पारदर्शक, आणि एक रागावलेला खेकडा. मुलगी साडी टाकून पळाली. दुसऱ्या वेळी तिनंच टोक सोडलं नाही. ही कोळंबी समुद्रात जन्मते आणि पिल्लं असतानाच भरतीबरोबर खाडीत वाढायला येते. तिवरांचा, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचा, पाला कुजतो, त्यावर जे जगतं ते ती खाते. म्हणून तिवरांच्या कडेची डबकी आधी बघायची. तिवरं मोडायची नाहीत, मुळं तुडवायची नाहीत.

कोळंबी बादलीभर पाण्यात ठेवू नका, उन्हात तासाभरात गुदमरते. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली की बराच वेळ टिकते. खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, मिळाले तर तेही घ्या, फोडून आतलं मांस गळाला लावता येतं. खडकाला चिकटलेली कालवं मात्र मुलांना काढू देऊ नका, त्यांची धार ब्लेडसारखी असते. लागेल तेवढंच घ्या. आमच्या चार गळांना दोन ओंजळी पुरल्या.

चिखलात चपला नकोत, पहिल्या पावलालाच आत राहतात. जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला. पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही. टाच इकडेतिकडे हलवून आत हवा जाऊ द्यायची, मग सुटतो. आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायचं. खाडीत पाणी समोरून येत नाही. बाजूच्या ओहोळातून येऊन तुमच्या पाठीमागे भरतं. तात्यांनी काठावर एक काठी रोवली होती, तिच्या बुडाला पाणी लागलं की सगळ्यांनी बाहेर, वाद नाही.

मुलांना निवट्या दाखवा. मासा असून चिखलावर उड्या मारत फिरतात. आणि एकच मोठी नांगी असलेले छोटे खेकडे. ती मोठी नांगी फक्त नराला असते. मुलाला हे सांगितल्यावर त्यानं अर्धा तास सगळ्यांची मोजणी केली.

गळाचं सामान फार लागत नाही. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), चार-सहा गळ, थोडं शिसं. सफाळे-पालघरच्या बाजारात सगळं मिळतं. कोळंबी शेपटीकडून गळावर ओवायची, टोक जेमतेम बाहेर दिसेल अशी. चढत्या पाण्याबरोबर मासा वर येतो, त्यामुळे भरतीचे मधले दोन-तीन तास कामाचे. आम्हाला मुख्यतः शिंगाळाच लागतो. जिताडा लागावा अशी माझी इच्छा तिन्ही खेपांची, अजून अपुरी. बोय कोळंबीकडे ढुंकून बघत नाही, तिला कणकेची बारीक गोळी लावा. दोरीला माशाचं डोकं बांधून काठाशी सोडलं तर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, लागतात. दोरी हळूहळू ओढायची आणि पाण्याबाहेर येण्याआधी खालून झारा किंवा जाळी घालायची, नाहीतर सोडून देते. पोटाखाली अंडी दिसली तर ती परत पाण्यात.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, ते दातेरी आणि विषारी. दुसऱ्या खेपेला माझ्या मुलानं कौतुकानं मासा मुठीत धरला आणि काटा तळव्यात गेला. पोर जे किंचाळलं ते पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल. ताईनं चुलीवरचं पाणी आणलं, आधी स्वतःचा हात घालून बघितलं आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात त्याचा हात धरून ठेवला. निवलं की पुन्हा गरम घालायचं. उष्णतेनं त्या विषाचा जोर उतरतो. तासाभरात तो पोहे मागायला लागला. तरी आम्ही वाटेत डॉक्टरला दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच. तेव्हापासून थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी असतं, आणि मासा गळावरून फक्त पक्कडीनं काढायचा. मुलांनी हात लावायचा नाही.

तुमचे साडू-मेहुणे तिकडे कुणी नसतील तर गावात पोचल्यावर आधी कोळीवाड्यात विचारा, कुठे बसावं, कुठे चिखल खोल आहे. कुणाच्या जाळ्या-खुंटांजवळ गळ टाकू नका.

जाण्याआधी मुलांना गळ ओवण्याची सवय हवी असेल तर ती इथे घरच्या घरी लावा. कुंडीतलं गांडूळ पुरतं. गंगापूर किंवा दारणेच्या पाण्यावर परस्पर गळ टाकायला जाऊ नका. धरणांतल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, विचारून जा. नांदूरमधमेश्वरला तर दुर्बीणच न्या, ते अभयारण्य आहे.

गेल्या खेपेची एकूण कमाई पाच शिंगाळे, दोन बोया, सात चिंबोऱ्या. निम्मं ताईकडेच रस्सा होऊन संपलं, उरलेलं बर्फात घालून आणलं. आणि निघताना गोणपाट झटकून रिकामं आहे ना ते बघा. आमच्यात ओंजळभर कोळंबी राहिली होती, गाडी दोन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उन्हात. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः वर आले, नाकाला रुमाल लावून.